खाटेपासून चौदा पावलं

"बाई, मालिश कवा सुरू करता?"

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला, त्याची मोजदाद नाही. मी फिजिओथेरपिस्ट. हा शब्द आमच्या हिंगोली जिल्ह्यात कुणाच्या जिभेवर बसला नाही, म्हणून लोकांनी आपापल्या सोयीची नावं काढली. शहरात मी 'व्यायामाच्या मॅडम' होते, खेड्यात 'कसरतवाली बाई'. एका आजीनं तर मला दारात बघून आत आवाज दिला होता, "अगं, ती रडवणारी आली बग." नाव वाईट होतं, पण खोटं नव्हतं.

माझं काम बसलेल्या माणसाला उठवायचं. लकवा मारलेला, खुब्याचं ऑपरेशन झालेला, दम लागणारा, साखरेनं पोखरलेला, किंवा नुसताच म्हातारा झालेला. आपल्याकडं माणूस आजारी पडला की घर त्याच्यावर माया करतं, आणि माया म्हणजे त्याला हलू न देणं. पाणी हातात, ताट मांडीवर, कूस बदलायलाही दोघं जण. महिन्याभरात मांड्यांचं मांस असं उतरतं की धोतर ठरत नाही. मग घरचे म्हणतात, बघा, आजार वाढला. मी तिथं जाऊन सांगायचे, यांना उठवा. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरात मी पहिल्या दिवशी दुष्ट बाई असायचे. त्याची सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर थोडी घमेंडही आली होती.

ती घमेंड पहिल्यांदा उतरली डोंगरकड्यात. शांताबाई नावाच्या बाई, साठीच्या, वीस वर्षांची साखर. मी त्यांना रोज सकाळी शाळेपर्यंत चालायला लावलं. चालून साखर खाली आली, चेहरा हसरा झाला. दर खेपेला मी विचारायचे, "पाय दुखतात का?" त्या म्हणायच्या, "अजिबात न्हाई." मी खूश. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या घरात शिरले तर वास आला. मी त्यांना चप्पल काढायला लावली. अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडून बसला होता आणि भोवती सगळं काळं पडलं होतं. साखरेनं तळव्याची जाणीवच गेली होती. त्या काट्यावर त्या कितीतरी दिवस माझ्या सांगण्यावरून चालत होत्या. अंगठा काढावा लागला. शांताबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर पेशंटच्या उघड्या तळव्यावर हात फिरवल्याशिवाय मी कुणाला उभं केलं नाही. पण चूक कधी एकाच जागी दोनदा येत नाही. ती दुसऱ्या दारानं येते.

माझ्यासाठी ते दुसरं दार होतं पुसेगावच्या पुढच्या एका तांड्यावरचं.

धनसिंग राठोड हे एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ. उंच, रुंद हाडाचे, आवाज मात्र अगदी बारीक. तो आवाज आजारानं बारीक केला होता. त्यांना कंपवात होता. हात थरथरतो तो हा आजार, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण चालण्यात त्याचा जो खरा छळ आहे, तो पाहिल्याशिवाय कळत नाही. माणूस चांगला चालत असतो आणि मधेच त्याचे पाय जमिनीला चिकटतात. उंबऱ्यापाशी, वळताना, अरुंद जागेत, घाईत. वरचं अंग पुढं जायला बघतं आणि पाय येत नाहीत. पायात ताकद असते, पण 'उचल' हा निरोप पायापर्यंत पोचत नाही. अशा वेळी कुणी हात धरून ओढलं की तो माणूस सरळ तोंडावर पडतो.

यावर एक साधा उपाय आहे, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला ती जादू वाटते. जमिनीवर आडवा पट्टा मारायचा. पाय चिकटलेल्या माणसाला नुसतं 'चला' म्हटलं तर तो चालत नाही, पण 'हा पट्टा ओलांडा' म्हटलं की पाय उचलतो. धनसिंगमामांच्या अंगणात मी चुन्याचे पट्टे मारले तेव्हा निम्मा तांडा बघायला जमला होता. मामा खाटेवरून उठले, थांबले, पट्ट्याकडं पाहिलं आणि एकामागून एक पट्टे ओलांडत पार लिंबाच्या झाडापर्यंत गेले. त्यांचा मुलगा प्रकाश डोळे पुसत होता. सून कविता हसत म्हणाली, "आता समद्या तांड्याला पट्टे मारा म्याडम, मंग बा कुटं बी जाईल."

दोन महिन्यांत मामा तांडाभर फिरू लागले. मग एके दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि त्या बारीक आवाजात म्हणाले, "मला वावर दाखीव, बाई. दोन वरीस झाले, पायलं न्हाई."

त्यांचं वावर ओढ्यापलीकडं होतं. मधे सिमेंटच्या मोठ्या नळ्यांवरचा ठेंगणा पूल, एक ट्रॅक्टर जाईल एवढा, दोन्ही बाजूंना कठडा नाही. प्रकाश नको म्हणत होता. मीच त्याला समजावलं. पुलावर सिमेंटच्या लाद्यांचे सांधे होते, ठराविक अंतरावर, काळे, ठळक. "तुमच्या बापासाठी सरकारनं आयते पट्टे मारून ठेवलेत," असं मी म्हणालेलं मला आठवतं. मोठ्या फुशारकीनं म्हणाले होते.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. प्रकाश ओढ्याच्या अलीकडं, तांड्याच्या अंगाला, मशीनवर सोयाबीन काढत होता. मी आणि मामा दुपारी निघालो. पुलावरून ते इतके सुरेख गेले की मी त्यांच्या कमरेला आधारासाठी बांधलेल्या पट्ट्यावरचा हातही सैल सोडला. वावरात गेल्यावर ते बांधावर बसले. तुरीची पानं हातात घेऊन बघितली, सुकलेलं धाट मोडून बघितलं. एक ढेकूळ उचलून कुस्करलं. मी घड्याळ बघत होते. मला पावणेपाचची एसटी गाठायची होती. ती चुकली की पुसेगावात दीड तास बसावं लागायचं. चार वाजता त्यांची गोळी घ्यायची वेळ होती आणि गोळी घरी होती. या आजारात गोळीचा अंमल उतरला की माणूस अर्ध्या तासात दुसराच होतो. हे मला माहीत होतं. मला वाटलं, पोचू तोपर्यंत.

आमच्याकडं ऊन होतं, पण वर डोंगराकडं आभाळ काळं होतं. परत पुलाशी आलो तेव्हा ओढ्याचं पाणी गढूळ झालं होतं आणि नळ्यांच्या तोंडाशी लागलं होतं.

"मामा, जायचं का थांबायचं?" मी विचारलं.

"एवड्यात वर येत न्हाई ते," मामा म्हणाले. पण त्यांनी ते माझ्या तोंडाकडं बघून म्हटलं होतं. घाई माझ्या तोंडावर होती.

आम्ही पुलावर पाऊल टाकलं. एक सांधा, दुसरा, तिसरा. निम्म्यात आलो आणि डाव्या बाजूनं पाण्याची एक पातळ जीभ लादीवर आली. अगदी शांतपणे, सांडलेल्या चहासारखी. बघता बघता ती पसरली आणि सगळे सांधे दिसेनासे झाले. पुढं नुसतं वाहतं, तांबडं पाणी.

मामा थांबले.

त्यांच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. टाचा उचलल्या गेल्या आणि अंग पुढं झुकलं. "मामा, पाऊल," मी म्हणाले. "एक, दोन, एक, दोन." रोज अंगणात जे आकडे चालायचे, ते त्या दिवशी हवेत विरून जात होते. भीतीनं हे चिकटणं दुप्पट होतं, आणि माझा स्वतःचाच आवाज घाबरलेला होता. त्यांनी तो बरोबर ऐकला असणार. पाणी घोट्यापर्यंत आलं.

तांड्याच्या काठावरून प्रकाशनं पाहिलं. मशीन तसंच सोडून तो धावत आला. काठावरची माणसं ओरडत होती, "वढ त्याला! उचल!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "ओढू नका प्रकाश, हात लावू नका!" पण आपला बाप वाहत्या पाण्यात उभा दिसल्यावर कोण ऐकेल? त्यानं दोन्ही हात धरून जोरात ओढलं. पाय जागेवरच राहिले, मामा लाकडासारखे पुढं कोसळले आणि गुडघ्यांवर पाण्यात पडले. माझ्या मुठीत त्यांचा कमरेचा पट्टा होता. त्या ओढीबरोबर मीही पुलाच्या कडेकडं दोन पावलं घसरले. खाली पाणी नळ्यांत घुसून घोगरं वाजत होतं.

आम्ही दोघांनी त्यांना उभं केलं. ते कसं केलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पंच्याहत्तर किलोंचं, ताठ झालेलं अंग. उचलून न्यायचं म्हटलं तर वाहत्या पाण्यात तिघंही गेलो असतो. प्रकाश रडत होता. "काय करू म्याडम? सांगा ना काय करू?"

"मागं उभे राहा. कमरेला धरा. ढकलू नका, नुसते धरा," मी म्हणाले. आणि तेव्हा माझ्या खांद्याला अडकवलेली छत्री मला आठवली.

मी पुढं जाऊन वाकले आणि बंद छत्री त्यांच्या नडगीसमोर, पाण्याच्या वर वीतभर, आडवी धरली. लाल कापडाची छत्री होती. "मामा, खाली पाणी बघू नका. ही छत्री बघा. हिला ओलांडा."

काहीच झालं नाही. मी पुन्हा म्हणाले, या वेळी हळू, अंगणात म्हणायचे तसं. "काही घाई नाही. ओलांडा."

घाई नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

उजवा पाय उचलला. छत्रीवरून पलीकडं पडला. मी छत्री पुढं सरकवली. डावा पाय. पुन्हा छत्री. पाणी माझ्या पोटऱ्यांवर आपटत होतं, कंबर वाकून मोडायला आली होती, आणि मी एकेका पावलाला एक छत्री मांडत उलटी मागं सरकत होते. किती पावलं झाली ते मोजलं नाही. शेवटी पाठीला कुणाचा तरी हात लागला आणि काठावरच्या माणसांनी आम्हा तिघांना वर घेतलं. मी मागं वळून पाहिलं तेव्हा पूल दिसत नव्हता.

कविता घरून गोळी घेऊन धावत आली होती. मामांच्या दोन्ही गुडघ्यांतून रक्त येत होतं. प्रकाश धापा टाकत उभा होता. थोड्या वेळानं तो माझ्याकडं वळला. ओरडला नाही.

"म्याडम, बस्स झालं तुमचं चालणं. माझा बा मला बसल्याजागी असू द्या, पण जिता असू द्या. तुमी येत नका जाऊ आता."

पावणेपाचची एसटी तर केव्हाच गेली होती.

पुढचे दोन महिने मी त्या तांड्यावर गेले नाही. पुसेगावात बसमधून उतरले की दुसऱ्या वाटेनं जायचे. मनात सारखा हिशेब चालायचा. गोळी बरोबर का घेतली नाही? वर आभाळ दिसत असून पाऊल का टाकलं? आणि दर वेळी उत्तर तेच यायचं, एसटी. शांताबाईंच्या वेळी मला माहीत नव्हतं म्हणून चुकले. इथं सगळं माहीत असून चुकले होते.

मग एका सकाळी त्या भागातल्या आशा सेविकेचा फोन आला. "मॅडम, धनसिंगबाच्या पाठीला पडून पडून जखम झाली. डॉक्टर येऊन पट्टी करून गेले. ते म्हणले, याला उठवा. पण पोरगं उठवू देईना. तुमी येता का?"

मी गेले. प्रकाश दारातच उभा होता. त्यानं मला आत यायला सांगितलं नाही, अडवलंही नाही.

मामा खाटेवर कुशीला होते. चार-पाच महिन्यांपूर्वी पट्टे ओलांडत झाडापर्यंत गेलेला हाच माणूस, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. गाल बसले होते, गुडघे पोटाशी आखडले होते, माकडहाडावर रुपयाएवढी उघडी जखम होती. छातीत घरघर होती. मी सवयीनं तळव्यांवर हात फिरवला. तळवे मऊ पडले होते, लेकरासारखे.

मी बाहेर येऊन प्रकाशसमोर उभी राहिले. येताना वाटेत बरंच काही ठरवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

"प्रकाश, त्या दिवशी चूक माझी होती. मला बस गाठायची होती म्हणून मी तुमच्या वडलांना पाण्यावर नेलं. गोळीही चुकवली. तुम्ही मला जे बोललात ते कमीच बोललात. पण त्यात चालण्याचा दोष नव्हता. माझ्या चुकीची शिक्षा त्यांना देऊ नका."

तो म्हणाला, "आन् पुन्ना पडला तर?"

"पडतील. पडणार नाहीत असा शब्द मी देत नाही. पण असेच झोपून राहिले तर काय होईल, ते तुम्हाला दिसतंय."

"दिसून राह्यलं," तो म्हणाला. "रोज दिसून राह्यलं म्याडम. पण हात लावला की मला ते पाणीच दिसतंय."

तेवढ्यात आतून काही आवाज आला. आम्ही दोघं आत गेलो. मामा बोलत होते. मी कान तोंडाशी नेला.

"मला इचारा की," ते म्हणाले.

खरंच, मी आल्यापासून आम्ही दोघांनी त्यांना एक शब्द विचारला नव्हता.

"सांगा मामा. काय पाहिजे? वावरात जायचं?"

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. दाराकडं बघितलं. कविता अंगणात होती. ती ऐकत नाही याची खात्री झाल्यावर म्हणाले, "सुनेला माझं काडावं लागतंय. तेवडं बंद करा. संडासाला माझा मी जाईन. बाकी कायबी नको."

प्रकाश भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

खाटेपासून अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासापर्यंत चौदा पावलं होती. धडधाकट माणसाला ती लक्षातही येणार नाहीत. आम्हाला त्यासाठी साडेतीन महिने लागले. आधी नुसतं कुशीवर वळणं. मग खाटेच्या कडेला पाय सोडून बसणं, पहिल्या दिवशी मोजून एक मिनिट, तेवढ्यात त्यांना घेरी आली. जखम भरायची वाट बघणं. मग उठणं आणि बसणं, दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी गोळीचा अंमल असतानाच. या सगळ्या काळात प्रकाशनं कधी घाई केली नाही आणि मीही नाही. मी तांड्यावर गेले की घड्याळ काढून पर्समध्ये टाकायचे. एसट्या बऱ्याच चुकल्या.

या वेळी पट्टे चुन्याचे नव्हते. प्रकाशनं पिवळा ऑइलपेंट आणला आणि खाटेपासून संडासापर्यंत स्वतः पट्टे मारले. संडास अरुंद होता आणि आत गेल्यावर वळावं लागणार होतं. या आजारात सगळ्यात मोठा धोका वळण्यातच असतो. म्हणून आतल्या फरशीवर आम्ही वळणाची चार पावलं रंगवली, भिंतीला लोखंडी नळी बसवली आणि प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मधे कापून ती आत मांडली.

धनसिंगमामा त्यानंतर दीड वर्ष जगले. ओढ्यापलीकडं ते पुन्हा कधी गेले नाहीत. त्यांनी मागितलं नाही आणि मी सुचवलं नाही. त्याची हळहळ मला आहे. दोनदा पडले, एकदा मनगट मोडलं. शेवटी थंडीच्या तोंडाशी छातीत कफ भरून गेले. पण त्या दीड वर्षात सुनेला त्यांचं काही काढावं लागलं नाही, शेवटचे चार दिवस सोडले तर. मला लिहायचं आहे ते पहिल्या दिवसाचं.

सकाळचे दहा वाजले होते. गोळी घेऊन पाऊण तास झाला होता. मामा खाटेवरून उठले. थोडं थांबून पहिला पट्टा ओलांडला. मी एका बाजूला, प्रकाश दुसऱ्या बाजूला, दोघांचे हात त्यांच्यापासून वीतभर लांब. नवव्या पावलाला ते अडकले. प्रकाशचा हात पुढं आला आणि त्यानंच तो मागं घेतला. मामांनी पट्ट्याकडं बघितलं, अंग डावी-उजवीकडं हलवलं, जसं शिकवलं होतं तसं, आणि पाय उचलला.

दारातून आत गेले. आम्हाला वाटलं, दार उघडंच ठेवतील. त्यांनी ते लोटलं. मग आतून कडी लागली.

प्रकाशनं माझ्याकडं बघितलं. कडीचं आम्ही काही ठरवलं नव्हतं. आत पाय घासल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मला ठाऊक होतं, ते आता वळत आहेत. अरुंद जागा, ओली फरशी आणि आतून कडी.

"बा?" प्रकाशनं हाक मारली.

आवाज नाही. तो दाराला खांदा लावायला निघाला. मी त्याचा दंड धरला. "थांबा."

"आन् पडला असंल तर?"

"पडले असते तर आवाज आला असता."

मी हे खंबीरपणे म्हटलं, पण त्याचा दंड सोडला नाही. कविता ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. शेजारच्या दोन बाया कामं सोडून आल्या होत्या. मी अठ्ठावीस वर्षं लोकांना सांगत आले, सोडा त्यांना, करू द्या. ते सांगताना हात मागं घेणाऱ्या माणसाचं काय होतं, ते मला त्या दारापुढं कळलं. प्रकाश दाराच्या अगदी समोर उभा होता, कान लावून.

मग बादलीत डबा बुडाल्याचा आवाज आला. पाणी पडलं. आणखी एकदा पडलं. पुन्हा बराच वेळ काही नाही. कडी खडखडली, निघता निघेना, शेवटी निघाली. दार आत ओढलं गेलं आणि मामा नळीला धरून उंबऱ्यात उभे राहिलेले दिसले. धोतर एका बाजूनं लोंबत होतं. कपाळावर घाम होता.

प्रकाशनं दोन्ही हात पुढं केले. मामांनी ते हात बघितले नाहीत. ते खाली जमिनीकडं काहीतरी शोधत होते. मग त्या बारीक आवाजात पोरावर खेकसले,

"बाजूला हो की रं. माझ्या पट्ट्यावर उभा हायेस."